प्रयोगाची नोंद आणि नाट्येतिहास : अडूर गोपालकृष्णन यांच्या अनुबोधपटांच्या निमित्ताने

१

नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्याची मूलभूत अडचण अशी, की त्याच्या अभ्यासाचा मुख्य विषय त्याच्या हाती कधीच नसतो. कवितेच्या इतिहासकारासमोर कविता असते, कादंबरीच्या इतिहासकारासमोर कादंबरी असते. नाटकाच्या इतिहासकारासमोर मात्र छापील संहिता, जुन्या जाहिराती, वृत्तपत्रांतील अभिप्राय, नटांची आत्मचरित्रे, थोडी छायाचित्रे आणि पुष्कळशा आख्यायिका एवढीच सामग्री असते. ज्याला आपण नाटक म्हणतो तो प्रयोग पडदा पडताच संपलेला असतो. त्यामुळे आपल्याकडे नाट्येतिहास म्हणून जे लिहिले गेले, ते मुख्यतः संहितांचे आणि मंडळ्यांचे इतिहास आहेत. आगरकरांचे 'विकारविलसित' आज वाचता येते. त्या आधारे गणपतराव जोशी यांनी उभा केलेला हॅम्लेट मात्र पाहता येत नाही. त्यांच्या अभिनयाविषयी लिहिताना आपण समकालीनांची विशेषणे पुन्हा उद्धृत करतो, आणि विशेषणे ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाहीत हे ठाऊक असूनही दुसरा उपाय नसतो.

चलच्चित्राच्या शोधानंतर ही अडचण दूर होईल अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रयोगाचे चित्रण करून ठेवले की प्रयोग टिकला, असा एक भाबडा समज आजही आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी अडूर गोपालकृष्णन यांच्या रंगकलाविषयक अनुबोधपटांचा आधार घेतला आहे. अडूर हे मल्याळी कथापटांचे दिग्दर्शक म्हणून सर्वपरिचित आहेत आणि २००४ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आहे. त्यांच्या कथापटांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी केरळच्या आणि आसपासच्या रंगपरंपरांवर जे अनुबोधपट केले, त्यांची दखल बहुधा नामावलीपुरती घेतली जाते. त्या अनुबोधपटांकडे नाट्येतिहासाचे एक साधन म्हणून, आणि त्याहीपेक्षा प्रयोगाच्या अर्थनिर्णयनाची एक रीत म्हणून पाहावे, असे येथे सुचवावयाचे आहे.

२

हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. भारतात प्रयोगाचे चित्रण करण्याचा जो पहिला ज्ञात प्रयत्न झाला तो मराठी नाटकाचाच होता. दादासाहेब तोरणे व नानासाहेब चित्रे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखविला गेला. तो रामराव कीर्तिकरांच्या लोकप्रिय नाटकाच्या प्रयोगाचे चित्रण होता. चित्रपटाच्या इतिहासकारांनी पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान त्याला न देता १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ला दिला. त्यामागील एक प्रमुख कारण असे सांगितले जाते, की तो स्वतंत्र चित्रपट नसून केवळ नाटकाचे छायाचित्रण होते. चित्रपटाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य असेलही. पण नाट्येतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ज्याला उणेपणा म्हटले गेले, तेच 'पुंडलिक'चे मोल होते. १९१२ सालचे मराठी नट रंगमंचावर कसे उभे राहत, कसे चालत, देवाला सामोरे कसे जात, याचा तो प्रत्यक्ष पुरावा ठरला असता. तो चित्रपट आज उपलब्ध नाही.

दुसरे उदाहरण बालगंधर्वांचे. 'प्रभात'ने १९३३ साली आपला मुक्काम कोल्हापुराहून पुण्याला हलविला आणि दोन वर्षांनी, १९३५ साली, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'धर्मात्मा' तयार झाला. त्यात बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांमुळे ज्यांची कीर्ती झाली, त्या नटाचे हे महत्त्वाचे चित्रण पुरुषभूमिकेतले आहे. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त ते स्त्रीभूमिकेत आले, पण तेव्हा ते पन्नाशीला पोचलेले होते. त्यांची पदे ध्वनिमुद्रिकांवर आहेत हे खरे. तथापि, जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूची मर्यादा सुमारे तीन मिनिटांची होती आणि रंगमंचावर 'वन्स मोअर'च्या आग्रहाने तेच पद कितीतरी लांबत असे. ध्वनिमुद्रिकेने स्वर टिकविला. त्या स्वराचा नाट्यांतर्गत काळ, प्रेक्षागृहाशी असलेला त्याचा संवाद आणि अभिनयाशी असलेले त्याचे नाते टिकविले नाही. म्हणजे नोंदी झाल्या, पण जे नोंदवावयाचे होते ते त्यांतून निसटले. नोंदीच्या साधनाची मर्यादा हळूहळू आपल्या स्मृतीची मर्यादा बनली, ही याहून गंभीर बाब आहे. नाट्यपद तीन मिनिटांचे असते असेच पुढच्या पिढीला वाटू लागले.

'प्रभात'च्या याच आवारात १९६० साली शासनाची चित्रपटविषयक शिक्षणसंस्था सुरू झाली, आणि १९६२ साली तेथे पटकथालेखन व दिग्दर्शन शिकण्यासाठी केरळमधून अडूर गोपालकृष्णन आले. ज्या वास्तूत बालगंधर्व कॅमेऱ्यासमोर उभे राहिले होते, तेथेच पुढे कूडियाट्टम् आणि कथकळी यांच्यावर अनुबोधपट करणारा दिग्दर्शक घडला. या योगायोगाला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. मात्र, पुण्यात घेतलेल्या या शिक्षणाचा उपयोग केरळच्या रंगपरंपरेला जसा झाला तसा मराठी रंगपरंपरेला का झाला नाही, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा. याच संस्थेत शिकलेल्या तरुणांनी 'युक्त' या सहकारी गटातर्फे १९७६ साली 'घाशीराम कोतवाल' हा चित्रपट केला. तो महत्त्वाचा चित्रपट आहे, पण १९७२ च्या नाट्यप्रयोगाची नोंद करण्याचा त्याचा हेतूच नव्हता. नाटकाचा विषय घेऊन त्याने चित्रपटाची स्वतंत्र रचना केली.

३

अडूर यांचा जन्म १९४१ चा. कथकळीला आश्रय देणाऱ्या घराण्यात ते वाढले. तामिळनाडूतील गांधीग्राम येथील संस्थेत त्यांनी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व लोकप्रशासन या विषयांचे शिक्षण घेतले आणि काही काळ सांख्यिकी पाहणीच्या कामात सरकारी नोकरी केली. विद्यार्थिदशेपासून त्यांचा ओढा नाटकाकडे होता. नाटके लिहिणे व बसविणे चालू होते. म्हणजे ते चित्रपटाकडे वळले ते रंगभूमीच्या वाटेने. १९६५ साली अभ्यासक्रम पूर्ण करून ते केरळात परतले आणि तिरुवनंतपुरम येथे 'चित्रलेखा' ही फिल्म सोसायटी व तिच्या जोडीने चित्रपट सहकारी संस्था उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पहिला कथापट 'स्वयंवरम्' १९७२ साली आला. दरम्यानच्या सात वर्षांत त्यांनी लघुपट व अनुबोधपट केले. पुढेही त्यांचे कथापट दीर्घ अंतराने आले: 'कोडियेट्टम्' १९७७ साली, 'एलिप्पत्तायम्' १९८१ साली. मधल्या काळात अनुबोधपटांचे काम चालूच राहिले.

या अनुबोधपटांपैकी सर्वच रंगकलेवरचे नाहीत. धरणप्रकल्पावरचे, प्रचाराचे, ऐतिहासिक वारशाचे असे विषयही त्यांत आहेत. परंतु रंगकलाविषयक अनुबोधपट क्रमाने मांडले की त्यांत एक सुसंगती दिसते. 'गुरु चेंगन्नूर' (१९७४) हा कथकळीतील ज्येष्ठ नट चेंगन्नूर रामन पिळ्ळा यांच्यावरचा. 'यक्षगान' (१९७९) किनारी कर्नाटकातील परंपरेवरचा. 'कृष्णनाट्टम्' (१९८२) गुरुवायूर मंदिराशी निगडित नाट्यप्रकारावरचा. त्यानंतर दीर्घ खंड, आणि शतक पालटण्याच्या सुमारास कथकळी नट कलामंडलम् गोपी यांच्यावरचा अनुबोधपट. पाठोपाठ 'कूडियाट्टम्' (२००१), 'कलामंडलम् रामनकुट्टी नायर' (२००५) आणि मोहिनीआट्टम् या नृत्यप्रकारावरचा अनुबोधपट (२००७). काही अनुबोधपटांचा विषय एकेक नट आहे, काहींचा एकेक परंपरा. नट आणि परंपरा या दोन टोकांमध्ये हे काम आलटूनपालटून होत राहिले आहे.

याचे कारण या कलांच्या स्वरूपातच आहे. कथकळीतील 'कत्ती' वेषाची पात्रे, म्हणजे रावण, कीचक, दुर्योधन यांसारखे प्रतिनायक, कोणा एका नटाची निर्मिती नसतात. मुखलेपन, शिरोभूषण, पदन्यास, हस्तमुद्रा, गर्जना यांची संकेतव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेली असते. तरीही रामन पिळ्ळा यांचा रावण आणि दुसऱ्या नटाचा रावण यांत जाणकाराला फरक दिसतो. संकेत सर्वांचे असतात, त्यांचे भरणे ज्याचे त्याचे असते. 'गुरु चेंगन्नूर' झाला तेव्हा १८८६ साली जन्मलेले रामन पिळ्ळा नव्वदीकडे झुकलेले होते, आणि १९८० साली ते निवर्तले. अशा वयात केलेली नोंद नटाच्या ऐन उमेदीतील प्रयोगाची नोंद असू शकत नाही. ती जे दाखविते ते वेगळे आणि एका अर्थाने अधिक मूलगामी आहे: शरीराची शक्ती ओसरल्यावरही शरीरात उरलेली शिस्त. भाषेच्या अभ्यासात व्यवस्था आणि तिचा प्रत्यक्ष वापर असा जो भेद केला जातो, त्याचा रंगकलेतला प्रत्यय वृद्ध नटाच्या देहात जितका स्पष्ट मिळतो तितका तरुण नटात मिळत नाही, असे म्हणता येईल.

कथापटांचा दिग्दर्शक म्हणून अडूर यांची जी वैशिष्ट्ये सांगितली जातात, ती येथे लक्षात घेण्याजोगी आहेत. 'कोडियेट्टम्'मध्ये पार्श्वसंगीत नाही; परिसरातले ध्वनीच तेथे अर्थ निर्माण करतात. त्यातील उत्सवांमागे धावणारा शंकरनकुट्टी बदलतो तो प्रसंगाच्या धक्क्याने नव्हे, संथ कालक्रमाने. काळाला त्याच्या गतीने जाऊ देणे हा या दिग्दर्शकाचा स्वभाव आहे. रंगकलेची नोंद करणाऱ्याला पहिली गरज याच स्वभावाची असते. अभिनय 'संपादन' करून वेगवान करता येतो, पण मग तो अभिनय राहत नाही.

४

'कूडियाट्टम्' हा सुमारे तीन तासांचा अनुबोधपट या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या नाट्यपरंपरेतील संहिता आणि प्रयोग यांचे नाते पाहावे लागते.

संस्कृत नाटकांचा अभ्यास आपल्या विद्यापीठांतून मुख्यतः काव्य म्हणून झाला. १९०९-१० च्या सुमारास त्रावणकोर संस्थानात टी. गणपतिशास्त्री यांना जी तेरा नाटके हस्तलिखितांत सापडली, ती त्यांनी भासाची म्हणून १९१२ पासून तिरुवनंतपुरमहून प्रसिद्ध केली. पुण्यात सी. आर. देवधर यांनी १९३७ साली त्यांची एकत्रित आवृत्ती काढताना शीर्षकातच 'भासाची म्हणून मानलेली' अशा अर्थाचा सावध शब्दप्रयोग केला. ही नाटके भासाची, की केरळातील चाक्यार नटांनी प्रयोगासाठी संक्षिप्त केलेल्या रंगावृत्त्या, हा वाद दीर्घकाळ चालला. त्या वादाच्या तपशिलात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. येथे नोंदवावयाचे ते एवढेच, की ज्या संहितांचे कर्तृत्व आपण केवळ पाठचिकित्सेने ठरवू पाहत होतो, त्या संहिता टिकविण्यात एका जिवंत प्रयोगपरंपरेचा वाटा होता. वाचकांनी ज्यांना ग्रंथ मानले ती नटांची सामग्री होती.

कूडियाट्टम्‌मध्ये संपूर्ण नाटक सहसा होत नाही. एकेक अंक हाच स्वतंत्र प्रयोग मानला जातो. पात्राचा प्रवेश म्हणजे 'पुरप्पाडु', त्यानंतर त्या पात्राने एकट्याने पूर्ववृत्त अभिनयातून उलगडणे म्हणजे 'निर्वहणम्', आणि शेवटी पात्रे एकत्र येऊन अंकाचा प्रत्यक्ष प्रयोग. यामुळे काही पानांच्या अंकाला अनेक रात्री लागतात. 'प्रतिज्ञायौगंधरायण' नाटकातील 'मंत्रांकम्'चा पूर्ण प्रयोग ४१ दिवसांचा सांगितला जातो. या विस्ताराचे नियमन 'क्रमदीपिका' आणि 'आट्टप्रकारम्' या दोन प्रकारच्या प्रयोगग्रंथांनी होते. पहिल्यात प्रयोगाची व्यवस्था, वेषभूषा, क्रम यांची माहिती असते. दुसऱ्यात नटाने कोणता श्लोक कसा विस्तारावा, कोणते प्रसंग अभिनयाने दाखवावेत याचे मार्गदर्शन असते. म्हणजे या परंपरेने प्रयोगाची नोंद करण्याची स्वतःची पद्धत कॅमेरा येण्याच्या कित्येक शतके आधीच घडविली होती.

येथे मराठीशी एक तुलना उपयुक्त ठरेल. कूडियाट्टम् परंपरेत प्रयोगसुधारक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या कुलशेखरवर्म्याचे 'सुभद्राधनंजयम्' आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' (१८८२) यांचे कथानक एकच आहे. पहिल्या नाटकाबरोबर प्रयोगग्रंथांची परंपरा आली. दुसऱ्याबरोबर छापील पदे आली, चालींचे निर्देश आले. बाकी सारे तालमीत आणि नटांच्या आठवणींत राहिले. एम. ए. च्या वर्गात 'सौभद्र' शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात की हे पद म्हणत असताना समोरचे पात्र काय करीत असे. या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नसते. शिक्षकाजवळही बहुधा नसते.

आट्टप्रकारम् ही प्रयोगाची प्रतिकृती नव्हे. ते वाचून कूडियाट्टम् पाहिल्याचा अनुभव येत नाही. ते परंपरेच्या आतील व्यक्तीने केलेले भाष्य आहे. कशावर थांबावयाचे, काय विस्तारावयाचे, काय सोडावयाचे याविषयीचा तो निर्णय आहे. अनुबोधपटाकडे आपण याच दृष्टीने पाहावयास हवे, असे मला वाटते. ४१ दिवसांच्या प्रयोगापुढे तीन तास ही निवडच असणार. पण निवड म्हणजे विपर्यास नव्हे. कॅमेरा कोठे ठेवावयाचा, नेत्राभिनय चालू असता चेहऱ्याजवळ किती वेळ राहावयाचे, मिळाव या तालवाद्याचा घोष अभिनयाशी किती जोडून ऐकवावयाचा, दीपाच्या उजेडाचे काय करावयाचे, हे सारे निर्णय म्हणजे अर्थनिर्णयनाचे निर्णय आहेत. प्रेक्षागृहातील प्रेक्षक नटाचा संपूर्ण देह पाहत असतो आणि डोळ्यांकडे स्वतः लक्ष वळवीत असतो. चित्रपट ते लक्ष त्याच्यासाठी वळवितो. म्हणजे प्रेक्षकाचे एक स्वातंत्र्य कमी होते आणि त्याला एक जाणकार सहप्रेक्षक मिळतो. या देवाणघेवाणीत काय मिळाले व काय गेले याची चिकित्सा हा अशा अनुबोधपटांच्या समीक्षेचा विषय असावयास हवा. केवळ 'दुर्मीळ चित्रण' म्हणून त्यांची वाखाणणी करून भागत नाही.

चिकित्सेची ही परंपराही केरळात नवी नाही. 'नटांकुश' या मध्ययुगीन संस्कृत ग्रंथात एका अनामिक विद्वानाने चाक्यारांच्या प्रयोगपद्धतीवर कठोर टीका केली आहे. संहितेत नसलेला विस्तार करून नट रसाला बाध आणतात आणि भरताच्या शास्त्रापासून दूर जातात, असा त्याच्या आक्षेपाचा रोख आहे. के. जी. पौलोस यांनी १९९३ साली हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. 'नटांकुश'कार संहितेच्या बाजूने बोलत होता, आट्टप्रकारम् प्रयोगाच्या बाजूने. या दोहोंमधील तणाव हीच या रंगपरंपरेची वैचारिक बाजू आहे. म्हणून कूडियाट्टम्‌ला 'भरतकालीन नाट्याचा अवशेष' म्हणणे अपुरे ठरते. ती शतकानुशतके स्वतःशी वाद घालीत बदललेली कला आहे, आणि तिची नोंद करणाऱ्यालाही त्या वादात भूमिका घ्यावीच लागते.

५

जतन या शब्दाभोवती आपल्याकडे एक स्थितिशील अर्थ चिकटलेला आहे. जुने जसे आहे तसे ठेवणे म्हणजे जतन, असे आपण समजतो. कूडियाट्टम्‌चा विसाव्या शतकातील इतिहास याच्या उलट सांगतो. ही कला मंदिराच्या आवारातील कूत्तंबलम्‌मध्ये होत असे. नट चाक्यार, वादक नंब्यार आणि स्त्रीपात्रे करणाऱ्या नंग्यार यांचा तो जातिपरंपरेने चालत आलेला अधिकार होता, आणि प्रेक्षकवर्गही मंदिरप्रवेशाच्या नियमांनी मर्यादित होता. त्रावणकोरमध्ये मंदिरे सर्व हिंदूंना खुली झाली ती १९३६ साली. कोचीन व मलबारमध्ये त्यानंतर सुमारे दशकभराने. चाक्यारांची कला मंदिराबाहेर आली ती १९४९ ते १९५५ या काळात. पैंकुळम् राम चाक्यार आणि माणि माधव चाक्यार यांनी हे पाऊल उचलले तेव्हा ते स्वजनांच्या रोषाला पात्र ठरण्यासारखे होते. १९६५ साली केरळ कलामंडलम्‌मध्ये राम चाक्यारांच्या मार्गदर्शनाखाली कूडियाट्टम्‌चे शिक्षण सुरू झाले आणि जन्माने चाक्यार नसलेल्यांनाही ते शिकता येऊ लागले. तिरुवनंतपुरमच्या 'मार्गी' या संस्थेनेही पुढे हे कार्य केले.

या घडामोडी झाल्या नसत्या तर तेथे कॅमेरा पोचलाच नसता. अनुबोधपटाची शक्यता ही सामाजिक परिवर्तनाने निर्माण केलेली शक्यता होती. राम चाक्यार १९८० साली आणि माणि माधव चाक्यार १९९० साली निवर्तले; अम्मन्नूर माधव चाक्यार २००८ पर्यंत हयात होते. ज्या पिढीने दार उघडले ती पिढी सरत असताना २००१ साली अडूर यांचा 'कूडियाट्टम्' आला. त्याच वर्षी युनेस्कोने मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाच्या श्रेष्ठ कृतींची पहिली यादी जाहीर केली आणि तिच्यातील १९ नावांत कूडियाट्टम्‌चा समावेश होता. आंतरराष्ट्रीय मान्यतेचे स्वागत करतानाच एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. 'वारसा' हा शब्द कलेभोवती पुन्हा एक कुंपण घालू शकतो. जी कला मंदिराच्या कुंपणातून बाहेर आली ती प्रमाणित चित्रफितीच्या कुंपणात जाऊ नये, ही काळजी घ्यावयास हवी.

६

हा धोका काल्पनिक नाही. आट्टप्रकारम् नटाला जे सांगते त्यात मोकळ्या जागा असतात. त्या प्रत्येक पिढीतील नट आपल्या प्रतिभेने भरतो. चित्रपटातील अभिनय मात्र संपूर्ण व निश्चित असतो. त्यात विस्तार कोठे, किती आणि कोणत्या मुद्रेने, हे सारे ठरलेले असते. शिकणाऱ्याने गुरूऐवजी चित्रफितीचे अनुकरण केले तर परंपरेतील भिन्नता नाहीशी होऊन एकच 'प्रमाण' प्रयोग उरेल. छापखान्याने संहितेचे जे केले तेच चित्रपट प्रयोगाचे करू शकतो: विविध पाठांतून एक पाठ अधिकृत ठरतो आणि बाकीचे अपपाठ बनतात. यावरचा उपाय नोंद न करणे हा नाही. नोंदी अनेक असणे आणि त्या परस्परांशी ताडून पाहण्याची सवय लागणे, हा आहे. पाठचिकित्सेची शिस्त आपण प्रयोगचिकित्सेला लावली पाहिजे. अडूर यांच्या अनुबोधपटांत परंपरेबरोबर एकेका नटावरील पटही आहेत, याचे महत्त्व येथे कळते. एका बाजूला कथकळी ही व्यवस्था आणि दुसऱ्या बाजूला रामन पिळ्ळा, गोपी, रामनकुट्टी नायर असे तीन वेगळे नट. एकाला प्रमाण मानण्याचा मोह या मांडणीतच रोखला जातो.

दुसरी मर्यादा माध्यमाच्या भौतिक अस्तित्वाची आहे. टिकविणारे साधन स्वतः टिकेल असे गृहीत धरता येत नाही. 'पुंडलिक' नाहीसा झाला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झाले, तरी २००३ च्या आगीत नायट्रेट फिल्मचा फार मोठा साठा जळाला. ताडपत्रावरील आट्टप्रकारम् नकला करीत करीत आपल्यापर्यंत पोचले. चित्रपटाचीही प्रत काढत राहणे, एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेत राहणे हे काम अखंड करावे लागते. नकलाकाराची जुनी भूमिका आज संग्रहपालाकडे आली आहे आणि नाट्येतिहासाच्या अभ्यासकाने ती आपल्या विषयाबाहेरची मानू नये.

आता पुन्हा मराठीकडे. बालगंधर्वांच्या पिढीची नोंद करण्याची संधी गेली, हे दुःख आपण वारंवार उगाळतो. त्यापेक्षा आज काय चालू आहे याकडे पाहावे. कोकणात आणि गोव्यात दशावतार आजही होतो. त्याची बरीचशी संवादरचना नट रंगमंचावरच उत्स्फूर्तपणे करतात, म्हणजे तेथे छापील संहितेचा आधारही अपुरा आहे. अडूर यांनी १९७९ साली 'यक्षगान' केला तो किनारपट्टीवरच्या याच कुळातील कलेवर. दशावतारी नटांच्या एका पिढीवर, त्यांच्या रात्रभराच्या प्रयोगाच्या मूळ गतीला धक्का न लावता, जाणकाराने केलेला असा अनुबोधपट का असू नये? आणि तो केला गेला तर त्याची समीक्षा करण्याची सिद्धता आपल्याजवळ आहे का? मराठी नाट्यसमीक्षेची परिभाषा अजूनही मुख्यतः संहितेच्या आकलनासाठी घडलेली आहे. गोदावरी केतकरांनी १९२८ साली भरताचे नाट्यशास्त्र मराठीत आणले, त्यालाही आता शतक होत आले. पण आंगिक आणि सात्त्विक अभिनयाविषयी बारकाईने लिहिण्याची रीत आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांत फारशी रुजली नाही.

अडूर यांच्या अनुबोधपटांकडून घ्यावयाचा धडा तंत्राचा नाही. प्रयोगाची नोंद हे अनुवादाइतकेच जबाबदारीचे भाष्य आहे. ते करणाऱ्याला कलेचे संकेत आतून ठाऊक असावे लागतात आणि त्या कलेचा काळ सोसण्याची तयारी असावी लागते, हा तो धडा आहे. अशी भाष्ये जेथे झाली तेथे नाट्येतिहास संहितेच्या पलीकडे जाऊ शकतो. ती जेथे झाली नाहीत तेथे इतिहासकाराने निदान आपल्या साधनांची उणीव स्पष्टपणे मान्य करून लिहावे आणि विशेषणांना पुराव्याचा दर्जा देण्याचे टाळावे. मराठी नाट्येतिहासाच्या पुनर्लेखनाची सुरुवात या दुसऱ्या गोष्टीपासून करता येईल. तिला कॅमेऱ्याची गरज नाही.